गोळी लागू पडली म्हणजे एडीएचडी पक्का का?

निळाई:
मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, असं निदान झालं. तीन आठवड्यांपूर्वी त्यावरची गोळी, मेथिलफेनिडेट, सुरू केली. परवा गणिताची वही उघडली, तर प्रत्येक बेरजेच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक हातचे मांडलेले! आजवर हातचा हमखास विसरायचा. सासूबाई म्हणाल्या, "गुण आला ना, मग निदान बरोबरच होतं." मलाही तसंच वाटतंय. तुम्हाला?

रानवाटा:
वहीचं वाचून फार बरं वाटलं, पण सासूबाईंचं पटत नाही. १९७८ साली अमेरिकेत ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी १४ मुलग्यांना, ज्यांना असला कुठलाच त्रास नव्हता, डेक्स्ट्रोअँफेटामिन या एडीएचडीवरच्याच दुसऱ्या औषधाचा एकेक डोस दिला. त्यांचीही चुळबुळ कमी झाली, लक्ष सुधारलं. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणून तो मलेरियाचा होता की टायफॉइडचा, हे कळतं का?

चिंचोके:
हे प्रयोगशाळेत ठीक आहे. माझं निदान चौतिसाव्या वर्षी झालं. तोवर 'वेंधळी' हेच नाव. गोळी सुरू झाल्यावर एकदा गॅसपाशी उभी राहून दूध वर येताना पाहिलं आणि वेळेवर उतरवलं. ओट्यापाशी उभी राहून रडले. हा पुरावा नाही?

रानवाटा:
तुमच्या निदानावर शंका नाहीच. पण ते उभं आहे तुमच्या लहानपणावर. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमावलीत लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली लागतात, तीही घर आणि शाळा अशी किमान दोन ठिकाणी. गोळीचा गुण त्या निकषांत कुठेच नाही.
आणि ज्यांना ती लागू पडत नाही त्यांचं काय? माझ्या भाच्याची मेथिलफेनिडेटने नुसती भूक मेली, संध्याकाळी रडरड. लगेच नातेवाईक म्हणाले, "बघा, त्याला काही नाहीच, लाडावलाय." पुढे अ‍ॅटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधावर जमलं, पण गुण दिसायला आठवडे गेले. तेवढे दिवस पोराने बोलणी खाल्ली.

चिंचोके:
भाच्याचं वाचून वाईट वाटलं. लागू पडली नाही म्हणून निदान खोटं, हे चूकच. पण माझ्या नवऱ्याने विश्वास ठेवला तो गोळीनंतरच, लहानपणच्या गोष्टी ऐकून नाही. घरात बाईला तेवढाच आधार असतो. तो मी सोडणार नाही.

निळाई:
दोघांचं वाचलं. आमच्या डॉक्टरांनी शाळेत काहीच विचारलं नव्हतं, दहा मिनिटांत चिठ्ठी लिहिली. गोळी मनाने बंद करत नाही. सोमवारी वर्गाच्या बाईंना भेटते, बालवाडीपासूनची प्रगतिपुस्तकं माळ्यावर आहेत तीही काढते, आणि सगळं घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जाते.