हातोडी-मुशीची दोन पिल्लं: लेविनी की मोकरान? ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रविवारी संध्याकाळी हर्णै बंदरावरच्या मासळी लिलावात मुशींच्या (शार्कच्या) ढिगात हातोडीच्या डोक्याची दोन पिल्लं दिसली. विकणाऱ्या मावशींनी मोजू दिली, फोटोही काढू दिले. एक ४८ सेंटिमीटर, दुसरं ६६. दोघांच्याही पोटावर नाळेचा व्रण अजून मिटलेला नव्हता, म्हणजे नुकतीच जन्मलेली. घरी आल्यापासून तेच डोळ्यांसमोर आहे.

दोघांच्याही डोक्याच्या पुढच्या कडेला बरोबर मध्ये खाच आहे. हातोडी-मुशीच्या स्फायर्ना झायगीना या जातीला ती नसते, म्हणून ती बाद. उरल्या लेविनी आणि मोकरान या दोन जाती. मोठ्या माशांत फरक लगेच कळतो: लेविनीची कड कमानदार, खाचाखाचांची; मोकरानची जवळजवळ सरळ, आणि पाठीवरचा पहिला पर कोयत्यासारखा उंच. पण मोकरानच्या पिल्लाची कडही कमानदारच असते, त्यामुळे नुसत्या डोक्यावरून ठरवायला मन धजत नाही.

म्हणून शेपटीजवळचा, पाठीवरचा दुसरा पर पाहिला. लहान पिल्लाचा तो बुटका आहे आणि त्याचं मागचं टोक लांबत जवळजवळ शेपटीच्या मुळाशी पोचलंय. मोठ्याचा चांगला उंच, मागची कड आत खोल वळलेली. माझ्या मते लहान ते लेविनी आणि मोठं मोकरान. बरोबर आहे का?

विचारायचं कारण एवढंच की बंदरावर दोन्ही 'मुशी' म्हणूनच जातात. २०१९ पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत दोन्ही जाती 'अतिसंकटग्रस्त' आहेत. मोकरानची मादी तर वर्षाआड विते. नोंदीत दोघींची सरमिसळ झाली, तर कोणती आधी संपत चाललीय हे कळणार कसं?

प्रतिसाद: दुसऱ्या परावरून तुमचा अंदाज पटतो, डोकं बाजूला ठेवलंत तेही योग्य. पण एका खुणेवर थांबू नका. पोटाखालचे मागचे दोन पर बघा. मोकरानमध्ये त्यांची मागची कड विळ्यासारखी वळलेली असते, लेविनीत साधारण सरळ. दातही पाहा, मोकरानच्या दातांना करवतीसारखी धार असते. पोटाकडून काढलेला फोटो आहे का?

धागाकर्ती: मनापासून आभार! व्रणासाठी काढलेला एक फोटो आहे. मोठ्याचे पोटाखालचे पर त्यात विळ्यासारखेच दिसतायत. लहानाचे मात्र दुसऱ्या माशाखाली झाकले गेलेत, आणि दात मी पाहिलेच नाहीत. मोठ्याची नोंद मोकरान म्हणून करते, लहानापुढे प्रश्नचिन्ह ठेवते. रविवारी पुन्हा जाणार आहे. दातांचा फोटो मोबाइलवर नीट येण्यासाठी कुणी काही युक्ती सांगेल का? उजेड तोवर गेलेला असतो.