सोयाबीनला जस्तयुक्त बेन्टोनाइट गंधक डीएपीसोबत पेरावं का?

प्रश्न: काळी चुनखडीची जमीन, सामू (पीएच) ८.२. माती परीक्षणात गंधक ८ पीपीएम, जस्त ०.४ पीपीएम. बेन्टोनाइट चिकणमातीत बांधलेल्या या गंधकाचे दाणे डीएपीत (नत्र-स्फुरदाचं खत) मिसळून पाभरीनं पेरले तर?

उत्तर १: ओळीत नको. ओलीवर दाणा फुगून फुटतो, बारीक झालेलं गंधक मातीतले जिवाणू सल्फेटमध्ये बदलतात, मगच पिकाला मिळतं. दाणे दाटीनं पडले की हे रेंगाळतं, वर उघडे राहिले की कोरडेच राहतात. एकरी ८ किलो गंधक बसेल एवढे दाणे फोकून शेवटच्या कुळवणीत मातीआड करा. तरी सल्फेट तयार व्हायला काही आठवडे जातात, म्हणून डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घ्या; त्यातलं ११ टक्के गंधक लगेच लागू होतं.

उत्तर २: जस्ताचंही बघा. या दाण्यांत ते बहुधा ऑक्साइड असतं, अशा जमिनीत फार हळू विरघळतं. ०.४ म्हणजे स्पष्ट कमतरता. यंदा एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात कालवून वेगळं द्या. स्फुरदाच्या खतात मिसळलंत तर झिंक फॉस्फेट होऊन अडकेल.

प्रश्नकर्ता: हे बेन्टोनाइट गंधक ठिबकमधून सोडता येईल?

उत्तर १: मुळीच नाही! बेन्टोनाइट ही फुगणारी चिकणमाती, ड्रिपर बुजतील.