शब्दचर्चा : ‘क्लासिकल’ डिनर सेट शास्त्रीय की अभिजात?

प्रश्न : युरोपातल्या जुन्या पोर्सिलेनच्या भांड्यांवर लिहितेय. ‘क्लासिकल’ शैलीला ‘शास्त्रीय’ म्हटलं तर बशीतून ख्याल ऐकू येतो, ‘अभिजात’ म्हटलं तर नुसतंच थोर वाटतं. काय लिहू?

— अभिजातच. २०२४ मध्ये मराठीला मिळालेला दर्जाही ‘क्लासिकल’चाच ना? शब्द रुळलाय.

— रुळलाय, पण इथे अर्थ निसटतो. अभिजात म्हणजे मुळात कुलीन. जर्मनीतल्या माइसेनचा पोर्सिलेनचा कारखाना १७१०चा. सुरुवातीला तिथे चिनी-जपानी नक्षीच्या नकला व्हायच्या. पुढे रोकोको शैलीची, नागमोडी काठांची, फुलापानांची भांडी आली. तीही राजेरजवाड्यांचीच, म्हणजे कुलीनच की! ‘क्लासिकल’ म्हणताना मात्र ग्रीक-रोमन नमुन्यांवर बेतलेलं काम अभिप्रेत असतं. ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ला आणि पॉम्पेईचं १७४८ला सुरू झालं, त्यानंतर ही लाट आली. सरळ रेघा, काटकोनात वळत जाणारी पट्टी, गोलातले चेहरे. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासाठी फ्रान्सच्या सेव्हर कारखान्याने १७७९पर्यंत केलेला ६० माणसांचा सेट पाहा : आकाशी निळी जमीन आणि तीवर कोरीव रत्नांसारखी दिसणारी प्राचीन मुखचित्रं. म्हणून मी ‘ग्रीक-रोमन वळणाचा’ लिहीन. लांब आहे, पण वाचणाऱ्याला चित्र दिसतं.

— मग नेपल्सच्या ‘इट्रस्कन’ सेटचं काय करणार? १७८०च्या दशकात तिथल्या राजाने तो इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जला भेट दिला. त्यावर दक्षिण इटलीत सापडलेल्या कलशांची चित्रं आहेत. तेव्हा ते कलश इट्रस्कनांचे, म्हणजे इटलीतल्या रोमनपूर्व लोकांचे समजत, प्रत्यक्षात ते ग्रीक. इंग्लंडमधल्या वेजवुड या भांडी बनवणाऱ्यानेही आपल्या कारखान्याला ‘इट्रुरिया’ (इट्रस्कनांचा प्रदेश) असंच नाव दिलं होतं.

— विशेषनाम आहे, तसंच ठेवा आणि चूक कंसात सांगा. नावं दुरुस्त करत बसलो तर आपली ‘चिनी माती’ही चीनमधून आणावी लागेल.

प्रश्नकर्ती : हे पटलं. आणि ‘बिस्किट’? सेव्हरचे पांढरे पुतळे जेवणाच्या टेबलावर मधोमध मांडत, त्यांना बिस्किट म्हणतात.

— म्हणजे झिलई न दिलेलं पोर्सिलेन. संगमरवरासारखं दिसतं, म्हणून या शैलीला फार मानवलं. गंमत अशी की बिस्किट म्हणजे शब्दशः ‘दोनदा भाजलेलं’, आणि या पुतळ्यांची झिलईची भाजणीच गाळलेली असते! ‘बिनझिलईचं’ लिहा. ‘बिस्किटाचे पुतळे’ लिहिलंत तर मुलं चहात बुडवायला मागतील.

— विषय निघालाच आहे तर : ‘पोर्सिलेन’ इटालियन ‘पोर्चेल्लाना’वरून आला, आणि त्याचा अर्थ कवडी. तशीच चकाकी, म्हणून. युरोपात याच मालाला ‘पांढरं सोनं’ म्हणत.

प्रश्नकर्ती : वा! शीर्षकात ‘कवडी’ आणता येईल. ‘डिनर सेट’ मात्र तसाच ठेवतेय, ‘भोजनपात्रसंच’ माझ्याच्याने लिहवत नाही.