राष्ट्रपती-राज्यपालांचा नकाराधिकार शिकवायचाय, सुरुवात कुठून करू?

रानजाई:
मंडळी, आमच्या वाचनालयात दर रविवारी स्पर्धा परीक्षेची मुलं जमतात, त्यांना मी राज्यघटना शिकवते. नकाराधिकाराचे, म्हणजे विधेयकाला संमती नाकारण्याच्या अधिकाराचे, प्रकार सगळ्यांना तोंडपाठ आहेत. पण 'राष्ट्रपतींनी सहीच केली नाही तर पुढे काय?' म्हटलं की सगळे गप्प. दीड तासात काय घेऊ?

औदुंबर:
आधी कलम १११ (संसदेच्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती) मोठ्याने वाचून घ्या. मग एकच गोष्ट सविस्तर सांगा, १९८६ च्या टपाल दुरुस्ती विधेयकाची. लोकांची पत्रं अडवायचे अधिकार सरकारला देणारं हे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं होतं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नाही, नकार कळवला नाही, परतही पाठवलं नाही. १९८७ मध्ये त्यांची मुदत संपली, तरी विधेयक तसंच. पुढचे राष्ट्रपती वेंकटरामन यांनी ते १९९० मध्ये परत पाठवलं. त्याचा कायदा कधीच झाला नाही. हे जमलं कसं, तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना रविवार सोडून १० दिवस मिळतात आणि आपल्या १११ मध्ये सहीला मुदतच नाही. ही फट मुलांना स्वतः शोधू द्या.

पायवाट:
जोडीला २००६ घ्याच. लाभाच्या पदाचं विधेयक (कोणती सरकारी पदं घेऊनही खासदारकी टिकेल ते ठरवणारं) राष्ट्रपती कलाम यांनी मे महिन्यात फेरविचारासाठी पाठवलं, संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये त्यांना सही करावी लागली. म्हणजे परत पाठवलं की शेवटचा शब्द संसदेचा.

रानजाई:
आणि राज्यपाल? बातम्यांमुळे मुलं तेच जास्त विचारतात.

औदुंबर:
कलम २०० (राज्याच्या विधेयकाला राज्यपालांची संमती) आणि तमिळनाडूचा खटला. ८ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी राज्यपालांमुळे अडकलेल्या १० विधेयकांना संमती मिळाल्याचं मानलं, राज्यपालांना मुदतीही घालून दिल्या. पण नोव्हेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राष्ट्रपतींच्या प्रश्नांवर मत दिलं की न्यायालयाला अशा मुदती ठरवता येत नाहीत आणि मानीव संमतीही (सही नसताना संमती मिळाली असं धरणं) घटनेत बसत नाही. विनाकारण बेमुदत अडवलं तर मात्र 'निर्णय घ्या' एवढं न्यायालय सांगू शकतं. कृपया दोन्ही शिकवा. एप्रिलवरच थांबलेल्या नोट्स वाचून मुलं परीक्षेत चुकतील.

पायवाट:
कलम २०१ सुद्धा. राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलेलं विधेयक परत आलं आणि विधानसभेने ६ महिन्यांत पुन्हा मंजूर केलं, तरी सही करायला राष्ट्रपती बांधील नाहीत. संसदेला जो शेवटचा शब्द मिळतो तो इथे राज्याला मिळत नाही. मला हे अजिबात पटत नाही. मुलांना यावर वाद घालू द्या.

रानजाई:
मनापासून आभार दोघांचे. दीड तासात नाही मावणार हे. या रविवारी १११ आणि टपाल विधेयक, राज्यपालांसाठी पुढचा रविवार ठेवते.