एकच चित्र, अख्खा तास

कलेचा इतिहास शिकवणाऱ्या एका शिक्षकांची तक्रार आहे की रेनेसान्सपासून, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळापासून, पिकासोपर्यंत क्रमाने शिकवायला घेतलं की तिसऱ्या तासाला नववीचा वर्ग पेंगायला लागतो, अगदी खरंय, मीही आधी तसंच शिकवायचे, सनावळ्या आणि इझमची, म्हणजे कलाप्रवाहांची, यादी, पोरं पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरायची.

आता मी एकच चित्र घेते आणि पहिली दहा मिनिटं तोंडच उघडत नाही, नुसतं बघायला लावते. यान व्हान आयक या चित्रकाराचं १४३४चं ‘आर्नोल्फिनी दांपत्य’ हे चित्र यासाठी फारच छान आहे, लंडनच्या नॅशनल गॅलरीत असतं, साइटवर झूम करून बघता येतं. मागच्या भिंतीवरच्या गोल आरशात दारात उभी असलेली आणखी दोन माणसं दिसतात, आणि आरशाच्या वर लिहिलंय ‘यान व्हान आयक इथे होता’. हे सापडलं की वर्गात जो गलका होतो ना! मग कोणीतरी विचारतंच, भर दिवसा झुंबरात एकच मेणबत्ती का पेटलीय, खिडकीतली संत्री कुठून आली? तिथून तैलरंग, व्यापार, श्रीमंतीचं प्रदर्शन सगळं आपोआप निघतं.

आणि हो, ८२ बाय ६० सेंमीचा ब्राउन पेपर कापून भिंतीला नक्की लावा. मूळ चित्र जेमतेम एवढंच आहे, प्रोजेक्टरवर मुलांना ते अवाढव्य वाटतं.