मदत हवी आहे: पीएचपीबीबीवर एका सदस्याला स्वतंत्र परवानगी दिली, तरी त्याची उत्तरं मंजुरीत अडकतात

बागवाला_तासगाव:

नमस्कार मंडळी. तासगाव, मिरज, पलूस भागातल्या द्राक्ष बागायतदारांचा एक चर्चामंच आम्ही काही जण मिळून चालवतो. पीएचपीबीबी ३.३ या चर्चामंच चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. ज्या मित्राने तो उभा केला तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, त्यामुळे ॲडमिनचं काम आता माझ्याकडे आहे.

मंचावर ‘फवारणी सल्ला’ नावाचा विभाग आहे. तिथे प्रश्न कुणीही विचारावा, उत्तर मात्र ठरावीक लोकांनीच द्यावं, असं पहिल्यापासून ठरलंय. कारण साधं आहे. कुणीतरी ऐकीव माहितीवर औषधाचं प्रमाण लिहितो, दुसरा ते वाचून पंप भरतो, आणि काढणीच्या वेळी मण्यात अंश सापडला की निर्यातीचा माल तिथेच अडकतो. म्हणून नोंदणीकृत सदस्यांच्या गटाला या विभागात नवा विषय सुरू करायला ‘येस’ आहे, उत्तर द्यायला ‘नो’. ‘सल्लागार’ नावाच्या गटाला दोन्हीला ‘येस’.

आमच्यात एक जुने बागायतदार आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. डाऊनी (केवडा) रोग ओळखण्यात त्यांचा हात धरणारा या पट्ट्यात मला तरी माहीत नाही. पानावरचा तेलकट डाग फोटोत बघून ते आधी विचारतात, ‘पान उलटं करून दाखव, खाली पांढरी बुरशी आहे का?’ आणि मगच बोलतात. त्यांना सल्लागार गटात घालायचं नाहीये, कारण त्या गटाला दुसऱ्याच्या पोस्टमध्ये दुरुस्ती करायचेही अधिकार आहेत आणि आबांना ते नको आहेत. ‘मला फक्त उत्तर लिहू दे, बाकी भानगडी तुम्ही बघा,’ असं ते म्हणाले.

म्हणून फक्त आबांच्या नावावर, फक्त या विभागापुरतं, ‘उत्तर देता येईल’ आणि ‘मंजुरीशिवाय पोस्ट करता येईल’ या दोन्हीला ‘येस’ केलं. उत्तराचं बटण त्यांना दिसतं, ते लिहितातही. पण प्रत्येक उत्तर मंजुरीच्या रांगेत जातं. मी दिवसभर कामावर असतो, रांग संध्याकाळी उघडतो. सध्या ऑक्टोबर छाटणीच्या बागा दोड्यात आहेत, रात्री पाऊस झाला की सकाळी लगेच फवारणीचा निर्णय घ्यावा लागतो. आबांचं सकाळचं उत्तर संध्याकाळी दिसून उपयोग काय? सल्लागार गटातल्या कुणालाच ही अडचण येत नाही. स्वतंत्रपणे दिलेला ‘येस’ गटावर मात करत नाही का? की कुठे दुसरीकडेही बघायला हवं?

एक विनंती. नव्या सदस्यांची मंजुरी सरसकट काढा, असं सुचवू नका. टॉनिकच्या जाहिराती टाकणारी खाती सारखी येत असतात.

कृष्णाकाठ:

आबांना त्या विभागाचा मॉडरेटर करून टाका की.

बागवाला_तासगाव:

नको दादा. मग त्यांच्यासमोर इतरांच्या पोस्टची रांग उघडेल. त्यांना ते नकोय, आणि त्यांनी नको म्हटलेलं त्यांच्या गळ्यात मारणं मलाही पटत नाही.

मिरज_जंक्शन:

स्वतंत्र ‘येस’ हा गटाच्या ‘नो’वर मात करतो, ‘नेव्हर’वर नाही. ‘नो’ म्हणजे परवानगी दिलेली नाही एवढंच, दुसरीकडून ‘येस’ मिळाला तर तो चालतो. ‘नेव्हर’ कुठल्याही एका गटातून आला तरी बाकी सगळे ‘येस’ वाया जातात. तेव्हा आबांना ‘नेव्हर’ कुठून येतोय ते शोधा.

ॲडमिन पॅनेलमध्ये परमिशन्स, तिथे परमिशन मास्कखाली फोरम परमिशन बघायची सोय आहे. आबा आणि तो विभाग निवडा, ‘मंजुरीशिवाय’च्या ओळीजवळ ट्रेसचं चिन्ह आहे ते दाबा. कुठल्या गटाने काय दिलं आणि शेवटी काय उरलं, हे ओळीने दिसेल. माझा संशय ‘न्यूली रजिस्टर्ड युझर्स’ या नव्या सदस्यांच्या गटावर आहे. हा गट ३.०.६ पासून आहे आणि त्याच्या ठरलेल्या रोलमध्ये (परवानग्यांच्या तयार संचात) नेमका याच परवानगीला ‘नेव्हर’ असतो. मूळ सेटिंग असेल तर ३ पोस्ट झाल्यावर सदस्य आपोआप त्यातून बाहेर पडतो. आबांच्या प्रोफाइलवर पोस्ट किती दिसतात?

बागवाला_तासगाव:

शून्य! आणि ट्रेसमध्ये तुम्ही म्हणालात त्याच गटाचा ‘नेव्हर’ दिसतोय. पण त्यांची कितीतरी उत्तरं मी स्वतः मंजूर केली आहेत, मग आकडा शून्य कसा?

मिरज_जंक्शन:

त्या विभागात पोस्ट मोजणी बंद असणार. ‘इन्क्रिमेंट पोस्ट काउंटर’ अशी वेगळी परवानगी असते. बाकीचे सल्लागार इतर विभागांतही लिहितात, तिथे त्यांचा आकडा वाढला आणि ते गटातून सुटले. आबा फक्त फवारणीतच लिहितात, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या लेखी ते अजून नवेच.

उपाय फक्त त्यांच्यापुरता करता येतो. मॅनेज युझर्समध्ये आबांचं खातं उघडा, ओव्हरव्ह्यूवर क्विक टूल्सची यादी आहे, त्यात नव्या सदस्यांच्या गटातून काढण्याचा पर्याय मिळेल. गटाचा ‘नेव्हर’ तसाच ठेवा, तुमच्या जाहिरातवाल्यांना तोच अडवतोय.

बागवाला_तासगाव:

झालं! आबांचं उत्तर रांगेत न जाता थेट दिसलं. पलूसच्या एका पोराला त्यांनी पानाचा खालच्या बाजूचा फोटो मागितला होता, तो फोटोही लगेच आला. मनापासून आभार.

मोजणीचंही कळलं. मित्राला फोन केला तेव्हा तो म्हणाला, नुसतं ‘धन्यवाद’ लिहून लोक पोस्टचा आकडा वाढवायचे, म्हणून त्याने ती मुद्दाम बंद ठेवली होती. कारण बरोबर आहे, तेव्हा ती बंदच ठेवतोय. आता चालू केली तरी फक्त नव्या पोस्ट मोजल्या जातील, जुन्या उत्तरांचा आकडा काही येणार नाही. यापुढे या विभागात कुणाला एकट्याला परवानगी द्यायची झाली तर नव्या सदस्यांच्या गटातून त्याला त्याच बैठकीत बाहेर काढायचं, असं देखभालीच्या वहीत लिहून ठेवलंय.