मैदान, तालीम आणि रेंगाळलेले दुखणे : महाविद्यालयातल्या हिवाळ्याचे अनुभव

महाविद्यालयात ज्यांना मैदानाची ओढ असते आणि रंगमंचाचीही, त्यांचा हिवाळा फार भरगच्च जातो. सकाळी सराव, दिवसा तासिका, संध्याकाळी तालीम. आणि या धावपळीत एखादे दुखणे असे चिकटते की त्यापायी अंथरूण धरावे लागत नाही, पण ते पाठही सोडत नाही. अशा हिवाळ्यातून गेलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती. दुखणे नेमके कुठे होते, कोणत्या हालचालीने ते जागे होत असे आणि सराव व तालीम यांचा मेळ कसा घातला, हे आवर्जून लिहावे, कारण पुढच्याला उपयोग त्याचाच होतो. वेगवेगळ्या जणांनी लिहिलेले अनुभव खाली दिले आहेत.

व्हॉलीबॉल, दासीची भूमिका आणि गुडघा

संघात माझी जागा नेटजवळ, मधली. म्हणजे जवळजवळ प्रत्येक चेंडूला उडी आलीच. हिवाळ्याच्या सुरुवातीला उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या अगदी खाली, बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी दुखू लागले. या दुखण्याचा स्वभाव फसवा असतो. सराव सुरू करताना ते जाणवते, अंग तापले की नाहीसे होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना पहिल्याच पायरीला कळ येते. डॉक्टर याला ‘जंपर्स नी’ म्हणतात. वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणाऱ्या टेंडनवर त्याच्या सोसण्यापलीकडचा भार वारंवार पडला की ते उद्भवते.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला आठवड्याचा सगळा भार कागदावर मांडायला सांगितला. सराव आणि सामने लिहून झाल्यावर त्यांनी विचारले, “आणि संध्याकाळी काय करतेस?” नाटकात मी दासी होते. पहिला प्रवेश जवळजवळ सगळा उकिडवे बसून, दर दोन-चार वाक्यांनी उठून पुन्हा बसायचे. आणि दिग्दर्शकाच्या मनासारखा उतरेपर्यंत तो प्रवेश आम्ही पुन्हापुन्हा करत असू. ताईंनी तालमीतल्या त्या उठाबशा उड्यांच्या शेजारी लिहायला लावल्या, तेव्हा दिसले की सामन्यांच्या मधले विश्रांतीचे दिवस माझ्या गुडघ्यासाठी विश्रांतीचे नव्हतेच.

त्यांनी पूर्ण आराम सांगितला नाही, कारण अजिबात भार न मिळालेले टेंडन आणखी दुबळे होते. उड्या कमी केल्या, भिंतीला पाठ टेकवून गुडघे वाकवलेल्या स्थितीत ४५ सेकंद थांबण्याचा व्यायाम दिला, आणि पुढे वजन घेऊन संथ गतीने बसण्या-उठण्याचा. मोजमाप एकच : दुसऱ्या सकाळचा जिना. तिथे दुखणे वाढलेले असेल, तर आदल्या दिवशीचे काम जास्त झाले असे धरायचे. दिग्दर्शकाने माझ्यासाठी बुटकी चौकी आणवली. चौकीवर हात टेकून उठणारी दासी अधिक थकलेली, म्हणूनच अधिक खरी दिसली, असे माझे आजही मत आहे.

कबड्डी आणि अंधार

बोनस रेषेवरून माघारी वळताना माझा डावा घोटा आत मुरगळला. डॉक्टरांनी घोट्याच्या दोन्ही बाजूंचे हाड मागून दाबून पाहिले, पायाचे हाड चाचपले आणि चार पावले चालायला सांगितले. हाडावर दाबल्यावर दुखत नसेल आणि चार पावले टाकता येत असतील तर एक्स-रेची सहसा गरज नसते. कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये तयार झालेले हे नियम आता जगभर वापरले जातात. माझे हाड शाबूत होते, बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा, ताणले गेले होते. सूज उतरली, सरळ धावणे जमू लागले आणि सर्वांनी मला बरा झालेला मानले.

खरी परीक्षा रंगमंचावर झाली. दोन प्रवेशांच्या मध्ये काही सेकंदांचा अंधार होता आणि तेवढ्यात मला लेव्हलवरून, म्हणजे रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यावरून, उतरून विंगेत जायचे होते. दिवे लावलेल्या तालमीत सहज जमणारी ती पायरी अंधारात उतरताना घोटा लटपटला. कारण ऐकल्यावर मला फार नवल वाटले : पाय कोणत्या कोनात पडला आहे हे मेंदूला कळवणारे संवेदक लिगामेंटमध्येही असतात आणि दुखापतीनंतर त्यांचे काम मंदावते, उजेडात डोळे ती उणीव भरून काढतात, अंधारात ती उघडी पडते. म्हणून एका पायावर उभे राहण्याचा सराव आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून केला. ज्याला मैदानात ‘आता ठणठणीत आहे’ म्हणून परत पाठवतात, त्याला एकदा डोळे मिटून उभे करून पाहावे, असे मी प्रत्येक प्रशिक्षकाला सांगतो. लेव्हलच्या कडेला अंधारात चमकणारी चिकटपट्टी लावल्याचा फायदा तर सगळ्याच नटांना झाला.

नडगी

लांब पल्ल्याचे धावणे आणि लाकडी रंगमंचावर पाय आपटून करायचे समूहनृत्य. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेले दुखणे पुढे एका बोटाएवढ्या जागी एकवटले आणि रात्रीही ठणकू लागले. एक्स-रे स्वच्छ आला. एमआरआयमध्ये सूक्ष्म तडा दिसला. असा तडा सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, त्यामुळे दुखणे एका बिंदूवर आले असेल तर स्वच्छ एक्स-रेवर थांबू नये. त्या हिवाळ्यात धावणे आणि नृत्य दोन्ही बंद झाले. मी विंगेतून नटांना संवाद सुचवण्याचे, म्हणजे प्रॉम्प्टिंगचे काम केले आणि नाटक मला अखेरपर्यंत पाठ झाले.

फिजिओथेरपीची विद्यार्थिनी म्हणून थोडे

विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे हे ‘राइस’ सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मिरकिन यांनी १९७८ मध्ये मांडले. बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते, असे त्यांनीच २०१४ मध्ये लिहिले. वेदना शमवण्यापुरता बर्फ ठीक आहे. पण मुरगळलेला पाय महिनाभर उशीवर ठेवणे हा उपचार नव्हे. नाटकवाल्यांकडून एक गोष्ट सर्रास राहून जाते. विंगेत थंडीत बराच वेळ बसून एकदम धावत प्रवेश घ्यायचा असतो, आणि तोवर स्नायू पुरते गारठलेले असतात. प्रवेशाआधी जागच्या जागी दोन-तीन मिनिटे पाय हलवावेत, पिंढऱ्या ताणाव्यात. मैदानावर वॉर्मअपशिवाय न उतरणारे खेळाडूही इथे ते विसरतात.

गोलंदाजाची कंबर

मी उजव्या हाताने जलद गोलंदाजी करतो आणि दुखणे कमरेच्या डाव्या बाजूला, मागे वाकले की वाढणारे. जलद गोलंदाजांच्या मणक्याला ताणाचा तडा बहुधा याच बाजूला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला जातो. डॉक्टरांनी त्या हंगामापुरती गोलंदाजी थांबवली. नेपथ्याच्या लेव्हल उचलणेही बंद झाले, पण भूमिका राहिली, कारण तीत वाकणे नव्हते. संघ सोडताना फार जड गेले. पुढच्या हिवाळ्यात कर्णधार आणि दिग्दर्शक यांना मी एकत्र बसवले आणि दोघांनी माझे एकच वेळापत्रक आखले : ज्या सकाळी गोलंदाजी, त्या संध्याकाळी फक्त संहितेचे वाचन, रंगीत तालमीच्या आठवड्यात नेट्समध्ये केवळ फलंदाजी. कंबर अजूनही कधीमधी कुरकुरते. त्या दिवशी दोघांपैकी ज्याच्याकडे मला जायचे असते, त्याला मी आधी कळवतो.